बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले दिव्यांग : कागद, शाळा आणि घरचे निर्णय यांबद्दल लिहा

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या खानापूर तालुक्यात जवळपास प्रत्येक भावकीत एखादं माणूस असतं, ज्याच्याबद्दल पाहुण्यांसमोर फारसं बोललं जात नाही. लहानपणी पोलिओ झालेला काका, ऐकू न येणारी भाची, 'याचं डोकं चालत नाही' म्हणून शाळेतून घरी बसवलेला मुलगा. त्यांना जेवायला मिळतं, दुखलंखुपलं तर दवाखाना होतो, माया तर असतेच. खरं त्यांच्या नावाचा एक कागद घरात नसतो, आणि त्यांच्या शिक्षणाचा, लग्नाचा, वाटणीचा निर्णय त्यांना न विचारता होतो. मला या दोन्ही गोष्टी एकच वाटतात. ज्याच्या नावावर काही नाही, त्याला विचारायची गरज कुणाला वाटत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

आधी कायद्याचं सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. जुन्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. त्यात स्वमग्नता आहे, थॅलेसेमिया आणि सिकल सेल आहे, पार्किन्सन आहे, मानसिक आजार आहे, वाचता-लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात ती अध्ययन अक्षमता आहे, कुष्ठरोगातून बरी झालेली माणसंही आहेत. आपल्याकडे मात्र अजून हात, पाय, डोळे, कान एवढंच धरतात. बाकीच्यांना आपण या कायद्यात बसतो हेच माहीत नसतं.

दिव्यांगत्वाचा दाखला आता ऑनलाइन अर्जावरच मिळतो आणि त्यासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभराचं ओळखपत्र, येतं. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर कार्डावर पांढरी पट्टी, ४० ते ८० च्या आत पिवळी, ८० आणि त्यावर निळी. नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण ४० टक्क्यांपासून पुढे लागू होतं.

आता आपली सीमाभागाची अडचण. आपल्या लेकीसुना चंदगड, आजरा, गडहिंग्लजपासून इकडे येतात आणि इकडच्या तिकडे जातात. ऑपरेशन मिरजेला झालेलं, जन्मदाखला महाराष्ट्रातला, रेशनकार्ड कर्नाटकातलं. मग कुणीतरी सांगतं, तिकडचा दाखला इकडे चालत नाही. हे साफ चुकीचं आहे. कायद्याच्या ५८ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की हा दाखला देशभर ग्राह्य आहे. पेन्शनचं वेगळं, ती ज्या त्या राज्याची योजना, तिथला रहिवास लागतो. या दोन गोष्टींची गल्लत करून किती जणांना परत पाठवलं जातं, त्याला सीमा नाही.

ज्यांनी हे सगळं स्वतः काढलंय, त्यांनी लिहा. आणि घरचे निर्णय कोण घेतं, याबद्दलही मोकळेपणानं लिहा.

निपाणीची_वहिनी

मलप्रभाकाठ दादा, बरं झालं धागा काढलात. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. लग्नकार्यात गेलो की लोक त्याच्यासमोर मला विचारतात, "हा काय खातो?" तो समोर बसलेला असतो. आता मी उत्तर देतच नाही, त्याच्याकडे बघते. तो वेळ घेतो, पण सांगतो. समोरच्याला तेवढा वेळ थांबणं जड जातं, तर जाऊ दे.

माहितीसाठी: १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली चार प्रकार येतात, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. या चौघांसाठी 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. फिजिओथेरपीचा खर्चही त्यात बसतो. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते विसरू नका. बिडीच्या कामावर जाणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी बायकांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

आमच्या मागं याचं काय, हा घोर तर आहेच. १८ वर्षांनंतर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीचे अध्यक्ष असतात, तिच्याकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. माझ्या सासूबाई म्हणतात, धाकट्याच्या नावावर सगळं कर, तो बघेल याला. धाकटा चांगला आहे, पण त्याच्या नावावर केलं की मोठ्याचं काय उरलं?

दोन_कुबड्या_येळ्ळूर

वहिनी, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. नावावर करायची घाई नको. २०१६ च्या कायद्याचं १३ वं कलम वाचा. दिव्यांग माणसाला मालमत्ता बाळगायचा, वारसा घ्यायचा, स्वतःचे पैशाचे व्यवहार करायचा इतरांइतकाच हक्क आहे. आपल्याकडं काय होतं? वाटणीच्या वेळी "तुला कशाला जमीन, आम्ही बघतोय की तुला" म्हणून हक्कसोडीवर सही नाहीतर अंगठा घेतात. सांभाळणाऱ्यांची नियत चांगली असते त्या वेळी. पुढं पुतण्यांची लग्नं होतात, घरं वेगळी होतात आणि काकाची खाट गोठ्याशेजारी जाते. मी हे आमच्या गल्लीत पाहिलंय. उताऱ्यावर नाव असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांना घरात वेगवेगळी वागणूक मिळते, हे कडू वाटलं तरी खरं आहे.

मला पोलिओ, दोन्ही पाय. शिवणकाम करतो, स्वतःचं दुकान आहे. गावात काही नवीन बांधलं की आता उतरता रस्ता करतात, त्याचा आनंद आहे. खरं तो रस्ता कसा असावा हे कुणी विचारत नाही. नियम एकास बाराचा आहे. म्हणजे पायरी एकूण दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब पाहिजे, आणि दोन्ही बाजूला धरायला कठडा. आपल्याकडे चार-पाच फुटांत संपवतात, वर गुळगुळीत फरशी. पावसाळ्यात, आणि आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे, त्यावरून कुबडी घेऊन उतरून दाखवा. ग्रामपंचायतीनं बांधकाम सुरू करायच्या आधी मला एकदा बोलावलं तर मी मोजून देईन. फी नको.

बसचं: वर्षाचा सवलतीचा पास आहे, घरापासून १०० किलोमीटरपर्यंत चालतो. जून २०२३ पासून बायकांना राज्यात साध्या बसला तिकीटच नाही, चांगलंच आहे. पण बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर असते तोवर आमच्यातल्या बऱ्याच जणांना पास नुसता खिशात राहतो.

घटप्रभेकडचा

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. कायद्याची कलमं ऐकायला बरी वाटतात. गावात धडधाकट पोरांना काम नाही, ती पुण्याला नाहीतर गोव्याला जाऊलालेत. दिव्यांगाला कोण काम देणार? पेन्शन वेळेवर आली आणि घरच्यांनी नीट बघितलं तर खूप झालं, असं मला वाटतं. आणि शाळेचं म्हणाल तर त्यांच्यासाठी खास शाळाच बऱ्या. साध्या शाळेत पोरं चिडवतात, मास्तरांना चाळीस पोरांतून वेळ नसतो. माझ्या बहिणीच्या पोराचं बघितलंय म्हणून सांगतो. चौथीपर्यंत मागच्या बाकावर नुसता बसून होता.

बिंदूलिपी

घटप्रभेकडचे दादा, मागच्या बाकावर बसवलं ही त्या शाळेची चूक, त्याची शिक्षा मुलाला नको. मी जन्मतः दृष्टिहीन आहे. सुरुवातीची वर्षं अंधशाळेत होतो. ब्रेल, पांढरी काठी, एकट्यानं फिरणं हे सगळं तिथेच शिकलो, साध्या शाळेत ते मिळालं नसतं. पुढे सर्वांबरोबर कॉलेजात गेलो आणि ते तितकंच गरजेचं होतं. म्हणून हीच शाळा चांगली, तीच वाईट, असं मी म्हणणार नाही. कायद्याचं ३१ वं कलम ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा खास शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क देतं. पसंती मुलाची. आपल्याकडे ती मामा, काका आणि मुख्याध्यापक मिळून ठरवतात.

आता सीमाभागातल्या सगळ्यांना उपयोगी एक गोष्ट. आमच्या घरी मराठी, नोकरीच्या परीक्षेला कन्नड. डोळस मुलांना दोन लिप्या वेगवेगळ्या शिकाव्या लागतात. आम्हाला लागत नाहीत! भारती ब्रेल सगळ्या भारतीय भाषांसाठी उच्चारावर बेतलेली आहे, १९५१ पासून. मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' एकाच ठिपक्यांचा. त्यामुळे मी पहिलं कन्नड पुस्तक हातात घेतलं तेव्हा अक्षरं जवळपास सगळी ओळखीची होती, शिकायचे होते ते शब्द. दृष्टिहीन मराठी मुलाला कन्नड जमणार नाही असं कुणी घरी म्हणत असेल तर हे त्यांना जरूर सांगा.

कॉम्प्युटरवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्राम फुकट मिळतो, मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये तसाच टॉकबॅक असतोच. बँकेत चेकबुक नाकारलं तर रिझर्व्ह बँकेचं २००८ चं परिपत्रक दाखवा, दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर यांपैकी काही नाकारता येत नाही. मला एका बँकेत "घरचं कुणीतरी खात्यात जोडा" म्हणाले होते. मी व्यवस्थापकांना परिपत्रक वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं आणि चेकबुक दिलं.

कडोलीचे_गुरुजी

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बिंदूलिपी यांचं म्हणणं पटतं, पण ऐकू न येणाऱ्या मुलांच्या बाबतीत भाषेचं ओझं फार मोठं आहे, त्यावर लिहितो.

आपल्या मुलांना घरची मराठी, वर कन्नड, वर इंग्रजी. ज्याला कानावर एकही भाषा नीट पडली नाही, त्याला तीन भाषांचे पेपर म्हणजे तो नापास होण्यासाठीच शाळेत आला असं होतं. कायद्याच्या १७ व्या कलमात परीक्षेतल्या सवलती दिल्यात: जादा वेळ, लेखनिक म्हणजे मुलानं सांगितलेलं लिहून देणारा माणूस, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. हे शेवटचं आपल्या भागात कितीजणांना माहीत आहे? मी पालकसभेत सांगितलं तेव्हा आपल्या शिक्षकांपैकीही काहींनी पहिल्यांदाच ऐकलं. पण सूट आपोआप मिळत नाही. शाळेनं दाखला जोडून परीक्षा मंडळाकडे आधीच प्रस्ताव पाठवावा लागतो. दहावीच्या वर्षी जानेवारीत धावपळ करून उपयोग नाही, नववीतच हालचाल करा.

आणि सूट घ्यायची की नाही, हे त्या मुलीला विचारा. पुढे कर्नाटकात सरकारी नोकरी करायची तर कन्नड लागणारच. माझ्या एका विद्यार्थिनीनं सूट नाकारली, कन्नड लिहून पास झाली. दुसऱ्यानं घेतली आणि आयटीआयला गेला. दोघांचंही बरोबर होतं.

जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, हे २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आणि ज्याला लिहायलाच त्रास होतो पण टक्केवारी ४० च्या खाली आहे, त्यालाही लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलंय.

शहापूर_माग

माझी भाची ऐकू न येणारी. अडीच वर्षांची होईपर्यंत सगळे म्हणत राहिले, "बोलेल की, हिचा बापही उशिरा बोलला होता." तेवढ्यात जे गेलं ते परत येत नाही. बाळाच्या कानांची तपासणी जन्मल्यावर महिन्याभरात व्हायला हवी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र. ओएई नावाची तपासणी झोपलेल्या बाळावर होते, काही दुखत नाही. जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी प्रारंभिक हस्तक्षेप केंद्रं असतात, तिथे विचारा. कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राची, केंद्र सरकारची मदत जन्मतः बहिऱ्या मुलांना पाच वर्षांच्या आतच मिळते, म्हणून वाट बघू नका.

वाचा उपचाराच्या वेळी आम्हाला सांगण्यात आलं की घरी कन्नडच बोला, कारण उपचार कन्नडमध्ये आहे. आजी, आई, सगळी मागावरची माणसं, त्यांना धड कन्नड येत नाही. मग त्या पोरीशी घरात बोलणंच कमी झालं. शेवटी दुसऱ्या तज्ज्ञ बाईंनी सांगितलं, ज्या भाषेत घर बोलतं, हसतं, भांडतं, त्याच भाषेत तिच्याशी बोला. तेव्हापासून फरक पडला.

आणखी एक. इम्प्लांट असो नसो, खुणांची भाषा शिकवायला घाबरू नका. खुणा शिकल्या की बोलणार नाही, ही भीती अजून घराघरात आहे. दिल्लीच्या सरकारी संस्थेनं भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश काढलाय, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर बघता येतात. आम्ही सगळे शिकलो. आता भाची जेवताना गप्पा मारते, तक्रारी करते, भावाची चहाडी करते.

घटप्रभेकडचा

शहापूर अक्का, विचारतो ते वाईट मानू नका. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. त्यामुळं असं होतं म्हणतात, ते खरं काय?

शहापूर_माग

वाईट कशाला मानू, विचारायलाच पाहिजे. प्रत्येक वेळी त्यामुळेच होतं असं नाही. जवळच्या नात्यात एकच दोषी जनुक दोन्ही बाजूंना असण्याची शक्यता जास्त, आणि मुलाला दोन्हींकडून तो आला तर काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा येतो. आधीच घरात कुणी असेल तर लग्न ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. पण झालेल्या मुलाच्या आईला त्यावरून टोमणे मारू नयेत. माझ्या वहिनीनं ते फार सोसलं. जनुक दोघांकडून येतं, दोष मात्र तिच्या एकटीच्या पदरात टाकला.

उद्यमबाग

काम कोण देणार असं वर कुणी लिहिलंय, म्हणून मी लिहितोय. फौंड्रीत होतो, प्रेसखाली उजव्या हाताची बोटं गेली. दिव्यांगत्व जन्मतःच असतं असं नव्हं, आमच्या औद्योगिक वसाहतीत ते रोज होऊ शकतं. उसाच्या भागात कडबा कुट्टीच्या मशीननं हात गेलेले किती आहेत, आठवून बघा.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल तर कामावरच्या अपघातानं कायमचं अपंगत्व आल्यावर दरमहा रक्कम मिळते, पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबानं, कमाईची क्षमता जितकी गेली त्या प्रमाणात. ईएसआय नसेल तर आधी १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून ती भरपाई सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. मालक म्हणेल, दवाखान्याचा खर्च मी केला, आता मिटवून टाकू. कोऱ्या कागदावर सही करू नका. अपघाताची नोंद त्याच दिवशी झाली का, ते घरच्यांनी बघा, कारण जखमी माणूस शुद्धीत नसतो. सरकारी नोकरीत असाल, बस डेपो असो की वीज मंडळ, तर दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमानुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही. दुसरं काम त्याच पगारावर द्यावं लागतं.

मी डाव्या हातानं लिहायला शिकलो. आता स्टोअरमध्ये मालाचा हिशेब बघतो. दया म्हणून दिलेलं काम असतं तर एव्हाना काढून टाकलं असतं. माझ्याकडं चूक सापडत नाही म्हणून ठेवलंय.

दोन_कुबड्या_येळ्ळूर

उद्यमबाग, हे वाचून बरं वाटलं. मी एक सांगतो. निवडणुकीला ४० टक्क्यांवरच्या लोकांना घरून मतदानाची सोय आली, १२ ड नंबरचा अर्ज भरायचा. चांगली सोय आहे, ज्यांना उठताच येत नाही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट. पण आमच्याकडं मला न विचारता माझं नाव त्यात घालणार होते, "तुला त्रास नको" म्हणून. मला केंद्रावर जायचं असतं. रांगेत उभं राहून, चार लोकांशी बोलून मत द्यायचं असतं. शेवटी गेलो.

चंदगडची_सून

मी सगळं वाचलं. मला स्वतःचं विचारायचंय. माझं माहेर चंदगड, सासर जांबोटीकडे. डाव्या पायाला दिव्यांगत्व आहे, यूडीआयडी कार्ड कोल्हापूर जिल्ह्यातून लग्नाआधी काढलेलं, पिवळ्या पट्टीचं. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळायचे, ते लग्नानंतर बंद झाले. इकडे सांगतात, कर्नाटकातून नव्यानं तपासणी करून दाखला आणा. घरचे म्हणतात कशाला एवढा खटाटोप, तुला काय कमी आहे? कमी काही नाही. पण मला माझे पैसे हवेत. शिलाई मशीन घ्यायचंय, ते मागून घ्यायचं नाही.

मलप्रभाकाठ

ताई, नवा दाखला लागत नाही. तुमचा नंबर देशभर एकच आहे आणि एका माणसाला एकच असतो, म्हणून चुकूनही नवा अर्ज करू नका. क्रमानं असं करा. आधी आधारवरचा पत्ता सासरचा करून घ्या. मग यूडीआयडीच्या संकेतस्थळावर जुन्याच नंबरवर पत्ता बदला. महाराष्ट्राची योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहे, ती आता मिळणार नाही. कर्नाटकची पेन्शन नाडकचेरीत, म्हणजे इकडच्या स्थानिक महसूल कार्यालयात, अर्ज करून मिळते. रेशनकार्डात तुमचं नाव चढलंय का तेही बघून घ्या, आणि बँक खातं तुमच्या एकटीच्या नावाचं ठेवा.

परत पाठवलं तर भांडू नका, पण तोंडी उत्तर घेऊन येऊ नका. "कोल्हापूरचा दाखला चालत नाही" हे लेखी द्या म्हणावं, कलम ५८ चा उल्लेख करून. लेखी मागितलं की बहुतेक वेळा अर्ज घेतला जातो.

पंचायत_कार्यकर्ती_खानापूर

मी ग्रामपंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ती आहे, स्वतः दिव्यांग आहे. कर्नाटकात पंचायतीत आमच्यासारखी माणसं नेमलेली असतात आणि तालुका पंचायतीत आमच्या वर एक कार्यकर्ता असतो. लोकांना हेच माहीत नसतं, म्हणून ते थेट बेळगावला जातात आणि दिवसाची मजुरी घालवून परत येतात. आधी आम्हाला गाठा. फॉर्म कन्नडमध्ये असतो, मी मराठीत समजावून भरून देते.

चंदगडच्या ताई, तुमची पंचायत कोणती ते मला खासगीत कळवा. येताना आधार, कार्ड, रेशनकार्ड, पासबुक आणि दोन फोटो आणा. पत्ता बदलल्यावरच या, नाहीतर पुन्हा यावं लागेल. सोमवारी गर्दी असते, मधल्या दिवशी सकाळी या.

चंदगडची_सून

कळवलं. आधारचं काम या आठवड्यात करते. फोटो रंगीत लागतात का?

पंचायत_कार्यकर्ती_खानापूर

हो, रंगीतच. पासपोर्ट आकाराचे.